थंडीत डिझेल गाडी: निफाडच्या पहाटेसाठी आणि हिमालयातल्या रात्रीसाठी करायची तयारी

निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरल्याची बातमी आली की नाशिकमध्ये डिझेल गाडी वापरणाऱ्यांच्या मनात एक शंका हमखास येते: थंडीत डिझेल गोठते म्हणतात, मग आपली गाडी सकाळी सुरू होईल ना? त्याच सुमारास नाताळच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने मनाली, काश्मीर किंवा स्पीती गाठण्याचे बेत ठरत असतात आणि ही शंका अधिक गंभीर होते. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. नाशिकच्या थंडीने सुस्थितीतली डिझेल गाडी अडत नाही. अडलीच, तर दोष बहुधा बॅटरीत, हीटर प्लगमध्ये (सुरू होताना सिलिंडर तापवणाऱ्या विजेच्या छोट्या कांडीत) किंवा फिल्टरमध्ये साचलेल्या पाण्यात असतो. शून्याखालच्या तापमानात मात्र गाडीपेक्षाही टाकीत कोणते डिझेल आहे याला जास्त महत्त्व येते. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये डिझेलचे ट्रक आणि मोटारी भर हिवाळ्यात रोज धावतात, कारण तिथल्या पंपावर त्या हवामानासाठी बनवलेले डिझेल मिळते आणि गाड्याही त्याच हिशेबाने सज्ज केलेल्या असतात.

डिझेल गोठते म्हणजे काय होते

डिझेलमध्ये पॅराफिन जातीचे मेण मुळातच विरघळलेले असते. ती भेसळ नव्हे; उलट याच घटकांमुळे डिझेल चांगले पेट घेते. तापमान उतरू लागले की हे मेण बारीक स्फटिकांच्या रूपात वेगळे होऊ लागते. साजूक तूप थंडीत कणी धरते ते डोळ्यांसमोर आणले, तर ही क्रिया लगेच ध्यानात येते. आधी स्वच्छ डिझेल गढूळ दिसू लागते, मग त्यात कणी धरते आणि त्याही पुढे ते वाहायचे थांबते. गाडी बंद पडण्यासाठी ही शेवटची अवस्था यावी लागत नाही. आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनात, डिझेलचा दाब १,६०० बारच्या पुढे जातो आणि इंजेक्टरच्या नॉझलची छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात. नाशिकमधल्या सातपूरच्या बॉश कारखान्यात याच नॉझल आणि इंजेक्टर वर्षानुवर्षे बनत आले आहेत आणि शहरातला एक चौक आजही त्या कारखान्याच्या जुन्या नावाने, मायको सर्कल म्हणूनच, ओळखला जातो. इतक्या नाजूक भागांच्या रक्षणासाठी लावलेल्या फिल्टरची छिद्रे अवघ्या काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकी असतात. त्यामुळे टाकीतले डिझेल वरवर पातळ दिसत असतानाच फिल्टरवर मेणाचा थर बसतो आणि इंजिनाचा पुरवठा तुटतो.

म्हणूनच डिझेल कोणत्या तापमानाला फिल्टर तुंबवते, हे मोजून त्याची मर्यादा ठरवलेली असते. भारतीय मानक आयएस १४६० नुसार हे तापमान उन्हाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त १८ अंश सेल्सिअस आणि हिवाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त ६ अंश सेल्सिअस आहे, आणि हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने. या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. ही वरची मर्यादा आहे. पंपावर मिळणारे डिझेल प्रत्यक्षात त्याहून बरे असू शकते. शिवाय पहाटेचे किमान तापमान तास-दोन तासच टिकते, आणि चाळीस-पन्नास लिटर डिझेल हवेइतक्या झटपट थंड होत नाही. तुलनेसाठी पाहायचे तर युरोपच्या ईएन ५९० या मानकात अतिथंड प्रदेशांसाठी जे वर्ग आहेत, त्यांत ही मर्यादा उणे २० पासून उणे ४४ अंशांपर्यंत खाली जाते. भारतात इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. आपल्या नेहमीच्या डिझेलमध्ये आणि त्या डिझेलमध्ये किती अंतर आहे, हे यावरून कळते आणि पुढची सारी तयारी याच अंतराभोवती फिरते.

नाशिक जिल्ह्यापुरते

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यात पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, अशा दिवसांत पारा पाच अंशांखाली जातो आणि क्वचित एखाद्या वर्षी तो दोन अंशांच्या आसपासही आला आहे. या तापमानाला रोज वापरातल्या आणि दर आठवड्याला पंपावर जाणाऱ्या गाडीचे डिझेल सहसा त्रास देत नाही. सावध राहायचे ते साठवलेल्या डिझेलच्या बाबतीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरून ठेवलेला ड्रम, महिनोन्महिने उभी असलेली गाडी, फवारणीचा ट्रॅक्टर, शेतावरचा जनरेटर, यांच्यात उन्हाळी प्रतीचे डिझेल शिल्लक असते आणि निफाडच्या एखाद्या कडक पहाटे त्यात कणी धरणे शक्य असते. उपाय साधा आहे. दिवाळीनंतर जुना साठा संपवावा आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर ताजे डिझेल भरावे.

डिझेलपेक्षा मोठा उपद्रव पाण्याचा असतो. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की तिच्यातल्या हवेतला ओलावा आतल्या भिंतींवर जमतो, पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि तिथून फिल्टरच्या बुडाशी येते. हिवाळ्यात टाकी अर्ध्यापेक्षा वर ठेवावी आणि फिल्टरच्या खाली पाणी काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून पहिले थोडे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे. तळाला पाण्याचा वेगळा थर दिसला, तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते काढावे. काही गाड्यांत यानंतर हवा काढावी लागते, म्हणून पहिल्यांदा हे काम मेकॅनिकच्या देखत करणे चांगले. फिल्टर बदलायची वेळ जवळ आली असेल, तर ती जानेवारीपर्यंत लांबवू नये. अर्धवट तुंबलेल्या फिल्टरला थोडेसे मेणही पुरते.

आता सुरू होण्याविषयी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेट घेते. सिलिंडर थंड असला की ही उष्णता धातूत जिरते, जाड झालेल्या ऑइलमुळे इंजिन सावकाश फिरते आणि त्यातच बॅटरीचा जोर कमी झालेला असतो. ही तूट हीटर प्लग भरून काढतात. सकाळी चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्यासारखा दिवा दिसतो. तो विझेपर्यंत सेल्फ मारू नये. बोचऱ्या थंडीत दिवा विझल्यावर चावी बंद करून पुन्हा एकदा तसेच करावे, म्हणजे प्लगला आणखी काही सेकंद मिळतात. दिवे, पंखा, टेप बंद ठेवावेत, क्लच पूर्ण दाबावा आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ सेल्फ मारू नये. इंजिन लागले नाही, तर अर्धा मिनिट थांबूनच पुढचा प्रयत्न करावा. पाठोपाठ सेल्फ मारत राहिल्याने बॅटरी उतरते, सेल्फची मोटर तापते आणि साधी अडचण मोठी होऊन बसते.

इंजिन लागल्यावर पहिले मिनिटभर थोडा पांढुरका धूर निघणे स्वाभाविक आहे. तो पाच-सात मिनिटे टिकत असेल, त्याला कच्च्या डिझेलचा वास येत असेल आणि इंजिन एखाद्या पायावर लंगडल्यासारखे चालत असेल, तर एखादा हीटर प्लग गेलेला आहे असे समजावे. चारपैकी एक प्लग गेला तरी उन्हाळ्यात त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून बहुतेकांना तो पहिल्या थंडीतच कळतो. मल्टिमीटरने प्लगचा रोध मोजता येतो. चांगल्या प्लगचा रोध फार कमी, साधारण एक-दोन ओहमच्या आत असतो आणि गेलेल्या प्लगमध्ये वीज वाहतच नाही. जुन्या गॅरेजांत प्लग काढून थेट बॅटरीला लावून तापतो का ते पाहण्याची पद्धत आहे. नव्या गाड्यांतले काही प्लग १२ व्होल्टपेक्षा कमी दाबावर चालणारे असतात आणि अशा चाचणीत ते जळून जातात, म्हणून ती करू देऊ नये.

बॅटरीबद्दल मी जास्त आग्रही आहे, कारण नाशिकमध्ये थंडीत न लागणाऱ्या दहा गाड्या पाहिल्या तर बहुतेक ठिकाणी मला दोषी तीच आढळली आहे. शिसे-आम्लाची बॅटरी शून्य अंशाला आपल्या क्षमतेच्या साधारण चार-पंचमांशच काम देते आणि उणे १८ च्या आसपास ती निम्म्यावर येते. याउलट डिझेल इंजिनाला फिरण्यासाठी पेट्रोल इंजिनापेक्षा जास्त प्रवाह लागतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ च्या खाली आकडा असेल तर ती चार्ज करावी, आणि सेल्फ मारताना तो साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी बदलण्याचा विचार करावा. तीन-चार वर्षे झालेली बॅटरी घेऊन हिमालयात जाऊ नये. नवी घेताना क्षमतेबरोबर थंडीत प्रवाह देण्याचा, म्हणजे सीसीएचा आकडाही पाहावा. तो उणे १८ अंशांना मोजलेला असतो.

डोंगरात जाण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या अखेरीस आम्ही नाशिकहून मुंबई–आग्रा महामार्गाने निघून मनालीला आणि पुढे अटल बोगद्यातून लाहौलमधल्या सिस्सूला गेलो. मैदानी भागातल्या एका पंपावर टाकी भरली होती आणि वर पंप मिळेल की नाही या काळजीने मनालीपूर्वी ती पुन्हा काठोकाठ केली. ३,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवरच्या सिस्सूत रात्री पारा उणे दहाच्या आसपास गेला. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, आम्ही निर्धास्त होऊन सामान ठेवू लागलो आणि दोन मिनिटांत ती धापा टाकत बंद पडली. मेण धरल्याची ही अगदी ठरलेली खूण आहे. फिल्टरच्या पुढे नळीत उरलेल्या डिझेलवर इंजिन लागते आणि ते संपताच मागून पुरवठा येत नाही. मला तेव्हा हे ठाऊक नव्हते. मी सेल्फ मारत राहिलो आणि बॅटरीही उतरवून बसलो. शेजारच्या टॅक्सीवाल्याने मला थांबवले, गाडी ढकलून उन्हात आणवली आणि गरम पाण्यात पिळलेली फडकी फिल्टरभोवती गुंडाळायला लावली. अकराच्या सुमारास, त्याच्या बॅटरीला केबल जोडून, गाडी लागली. टाकीत कमी डिझेल घेऊन वर यायचे आणि इकडचे भरायचे, एवढेच त्याने जाताना सांगितले.

हा सल्ला मी आता सगळ्यांना देतो. आपली स्वाभाविक सवय याच्या नेमकी उलटी असते. चढण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरण्याऐवजी मैदानी भागातले डिझेल जवळपास संपवत, पुढच्या खात्रीच्या पंपापर्यंत पुरेल इतक्याच शिलकीवर थंड प्रदेशात शिरावे आणि रात्री गाडी उभी करण्यापूर्वी स्थानिक पंपावर टाकी भरावी. विंटर ग्रेड, म्हणजे अतिथंड हवेसाठीचे हिवाळी डिझेल, आहे का, हे पंपावर स्पष्ट विचारावे. लेह, कारगिल, काझा, केलाँग या भागांत डिझेल गोठण्याची अडचण जुनी आहे आणि तिथले लोक ती ओळखून आहेत. भरल्यावर किमान दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे नळीत आणि फिल्टरमध्येही नवे डिझेल पोहोचते. हे न करता पंपावरून थेट हॉटेलवर जाऊन गाडी उभी केली, तर टाकीत हिवाळी डिझेल असूनही सकाळी फिल्टरमधले जुने डिझेल आडवे येते.

विंटर ग्रेड मिळण्याची खात्री नसेल, तर डिझेल गोठू न देणारे द्रावण सोबत ठेवावे. त्याचा उपयोग कधी होतो हे नीट समजून घेतले पाहिजे. हे द्रावण मेण वितळवत नाही. तयार होणारे स्फटिक बारीक ठेवते, म्हणजे ते फिल्टरमधून निसटू शकतात. म्हणून डिझेल अजून उबदार असताना, टाकी भरण्याआधी, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ते घालावे. गाडी गोठल्यावर ते ओतून काही साधत नाही. जुने ड्रायव्हर यासाठी केरोसीन किंवा थोडे पेट्रोल मिसळत असत. त्या काळच्या पंपांना ते चालून जात असे. कॉमन रेल पंपाचे वंगण डिझेलच करते आणि केरोसीन-पेट्रोलने ते वंगण कमी होऊन पंप झिजतो. झिजलेल्या पंपाचा कीस इंजेक्टरमध्ये गेला की दुरुस्तीचा खर्च सहलीच्या खर्चाला मागे टाकतो. टाकीखाली चिंध्या पेटवण्याचा प्रकारही मी डोंगरात पाहिला आहे. तो कोणीही करू नये.

ऑइल आणि कुलंट ही दोन कामे नाशिक सोडण्यापूर्वीच व्हायला हवीत. ऑइलच्या नावात ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते थंडीत पातळ राहते. १५डब्ल्यू-४० ऑइल आपल्या हवेत उत्तम असले तरी उणे तापमानात ते दाट होते. कंपनीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ला मान्यता असेल तर निघण्यापूर्वी तेच घालावे. बीएस-६ गाडीत डीपीएफला, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, चालणारे, कमी राख सोडणारे ऑइलच असले पाहिजे, त्यात तडजोड नको. कुलंटच्या बाबतीत मात्र आपल्याकडे फार निष्काळजीपणा चालतो. उन्हाळ्यात पातळी उतरली की साधे पाणी घातले जाते, दोन-चार वर्षांत कुलंटचा नुसता रंग उरतो आणि नाशिकमध्ये त्याने काही बिघडल्याचे दिसत नाही. माझ्या गाडीतही सहलीपूर्वीच्या सर्व्हिसिंगमध्ये ‘कुलंट ठीक आहे’ असे सांगितले गेले होते आणि मी पुन्हा मोजून घेतले तेव्हा त्यात पाणीच जास्त निघाले. शून्याखाली पाणी गोठून फुगते आणि रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक फोडते. ही चूक गरम फडक्याने सुधारत नाही. इथिलीन ग्लायकोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घेतले तर मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली टिकते. जुने कुलंट पूर्ण काढून नवे भरून घ्यावे आणि घनता मोजण्याच्या साध्या उपकरणाने ते आपल्यासमोर तपासून घ्यावे. काच पुसण्याच्या पाण्याचीही तीच गोष्ट आहे.

ज्या गाड्यांत डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारे आणि ट्रकवाले ज्याला युरिया म्हणतात ते द्रव, लागते, त्यांच्या मालकांनी त्याविषयी फार काळजी करू नये. ३२.५ टक्के युरियाचे हे पाणी उणे ११ अंशांना गोठते, पण गोठले तरी इंजिन सुरू होते आणि टाकीतला हीटर ते हळूहळू वितळवतो. फक्त टाकी काठोकाठ भरू नये, फुगायला जागा राहू द्यावी.

रात्री गाडी कुठे उभी करायची, हे संध्याकाळी उजेड असतानाच ठरवावे. भिंतीच्या आडोशाला, बॉनेट पूर्वेकडे करून उभी केलेली गाडी सकाळी तासभर आधी उबते. वाऱ्याने गाडी हवेच्या तापमानापेक्षा खाली जात नाही, परंतु तिथवर लवकर पोहोचते, म्हणून आडोशाला अर्थ आहे. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत, कारण ओले ब्रेक रात्रीत चिकटून बसतात. पारा उणे पंधराच्या खाली जाणार असेल आणि बॅटरी सहज निघत असेल, तर ती खोलीत न्यावी. मात्र नव्या गाड्यांत बॅटरी काढण्यापूर्वी पुस्तिका वाचावी. चालू इंजिनातून गरम डिझेल परत फिरत असल्याने दिवसा तास-अर्ध्या तासाच्या थांब्याला धोका नसतो. खरी कसोटी रात्रभराच्या थंडीचीच.

आणि तरीही मेण धरलेच, तर सेल्फ मारणे पहिल्या एक-दोन प्रयत्नांनंतर थांबवावे. ऊन येईपर्यंत वाट पाहावी, फिल्टर गरम फडक्यांनी शेकावा, त्याच्या आसपासच्या वायर आणि जोड कोरडे ठेवावेत. शक्य असेल तर सोबत आणलेला नवा फिल्टर बसवून तो उबदार खोलीत ठेवलेल्या डिझेलने भरून घ्यावा. या कामासाठी थोड्या बचतीचा विचार न करता नाशिकहून निघतानाच एक जादा फिल्टर आणि जाड जंप केबल डिकीत टाकावी. इंजिन लागल्यावर ते लगेच रेस करू नये. मिनिटभर मंद चालू द्यावे आणि मग पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने चालवावी, कारण डिझेल इंजिन उभ्या-उभ्या फार सावकाश तापते.

घ्यावी का

नाशिकची थंडी हे डिझेल गाडी न घेण्याचे कारण नाही. रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरचा असणे, हे मात्र आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो; ती काजळी जाळायला धुराचे तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत न्यावे लागते आणि इंदिरानगरहून कॉलेज रोडला जाऊन परत येण्यात इंजिन धड तापतही नाही. हिवाळ्यात ही अडचण वाढते. अर्धवट जळालेले डिझेल ऑइलमध्ये उतरते, आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर हेच घडत आहे असे समजून ऑइल बदलावे. अशा वापराला पेट्रोल गाडी बरी. ज्यांना आठवड्यातून दोनदा मुंबई किंवा पुणे गाठायचे असते, किंवा ज्यांची गाडी पिंपळगाव-लासलगावच्या बाजारपेठांत रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरते, त्यांना डिझेल थंडीतही सोयीचेच आहे. शहरातच वापर असलेल्यांनी आठवड्यातून एकदा महामार्गावर साठच्या पुढच्या स्थिर वेगाने वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवावी आणि डीपीएफचा दिवा लागलेला असताना ती मध्येच बंद करू नये.

डोंगरातून परतल्यावर टाकीत उरलेले हिवाळी डिझेल काढून टाकण्याची गरज नसते; ते इकडे निर्धोक जळते, मायलेज किंचित कमी मिळते इतकेच. फिल्टर मात्र बदलून घ्यावा आणि त्याच वेळी फिल्टरच्या बुडातले पाणीही पाहून घ्यावे.